सोनं शोधू नका, पराती विका

कॅलिफोर्नियात सोनं सापडलंय असं कानावर आलं, की आधी तोंड बंद ठेवा. जानेवारी 1848 मध्ये अमेरिकन नदीकाठच्या कोलोमाला, जमीनदार सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीपाशी, ती बांधणाऱ्या मार्शलला पिवळे कण दिसले. ज्यांना घाई होती ते बर्फासारख्या पाण्यात कंबर वाकवून परातीत वाळू धूत बसले. सॅम ब्रॅनन शहाणा. सटरच्या किल्ल्याजवळच त्याचं दुकान. मे महिन्यात हा गृहस्थ सोन्याच्या धुळीची बाटली उंच धरून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ‘अमेरिकन नदीचं सोनं!’ ओरडत फिरला. फावडी-पराती आधीच उचलून ठेवल्यात, एवढंच सांगायचं राहिलं. वीस सेंटची परात पंधरा डॉलरला गेली म्हणतात. आधी साठा, मग बोंब. क्रम उलटा झाला तर तुम्ही नुसते वार्ताहर. (त्याचं वर्तमानपत्रही होतं, लोक खाणींकडे पळाले आणि जूनमध्ये तेच बंद पडलं. दुकान चालू होतं.)

आता गल्ल्याकडे या. नाणी कमी, तेव्हा पैसे सोन्याच्या धुळीतच घ्यायचे. सरकारी भाव औंसाला 20.67 डॉलर, तुम्ही सोळाच धरा. म्हणजे काही विकण्याआधीच साडेचार डॉलरांहून जास्त सुटले. मद्याच्या गुत्त्यात तराजू काढण्याचीही तसदी नको: गिऱ्हाइकाच्या पिशवीतून चिमूटभर धूळ, झाला एक डॉलर. चिमूट अर्थातच नोकराची, म्हणून नोकर ठेवताना अंगठा बघून ठेवा. मापात पाप म्हणतील, म्हणू देत; पुढचं दुकान दोन डोंगर पलीकडे आहे.

माल मागवताना मात्र धीर धरा. न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून गलबत यायला पाच-सहा महिने लागतात. आज स्टोव्हचा तुटवडा म्हणून तुम्ही स्टोव्ह मागवाल. शेजारचे दहा जणही तेच मागवतील, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिग्राफ हिल टेकडीवरचा, जहाज आल्याची खूण करणारा खांब सगळी गलबतं एकाच आठवड्यात दाखवील. गोदामाचं भाडं मालापेक्षा महाग. खलाशी खाणींकडे पळाल्यानं ओस पडलेली जहाजं गोदाम म्हणून मिळतात, ‘नियान्टिक’ तसंच वापरात आलं. पण ते लाकूड, आणि मे 1851 च्या आगीनं त्याचीही होळी केली.

तरी माल उरलाच, तर निराश होऊ नका. पावसाळ्यात इथले रस्ते गुडघाभर चिखलाचे. न खपलेले स्टोव्ह, तंबाखूच्या पेट्या, पिठाची पोती त्यात दाबून इथल्या व्यापाऱ्यांनी पायवाटा केल्या आहेत. तुमचेही स्टोव्ह तिथे खपतील. फक्त ओळीत ठेवा, फटीत पाय अडकतो.