पैसे माझे, एफडी माझी, आणि कार्ड देताना उपकार यांचे

पैसे माझे, एफडी माझी, तिच्यावर लिएन, म्हणजे तारणाचा हक्क, बँकेचा, मी उद्या एक रुपया भरला नाही तरी बँकेचं काडीचं नुकसान नाही, एफडी मोडायची आणि वसूल करायचं, इतका सरळ व्यवहार. आणि तरी त्या एफडीवर क्रेडिट कार्ड मागितलं की मला उत्तर काय येतं? "मॅडम, तुमचं प्रोफाइल सध्या आमच्या क्रायटेरियात बसत नाही." कसलं प्रोफाइल अरे? ५० हजार रोख तुमच्या हातात ठेवतेय ना मी, अजून काय बघायचंय तुम्हाला? लग्नाच्या ऑर्डरचे सगळे पैसे आगाऊ घ्यायचे आणि मग यजमानांना सांगायचं की तुम्हाला पंगतीला बसवायचं की नाही ते आम्ही बघून ठरवतो, असं मी धंद्यात केलं असतं तर लोकांनी दारात येऊन तमाशा केला असता. बँकांनी केलं की ती पॉलिसी.

आमचं डोंबिवलीत कॅटरिंग होतं. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, गणपतीत सोसायट्यांचा महाप्रसाद. मार्च २०२० ला सगळं ठप्प. हप्त्यांना ऑगस्टपर्यंत मोरेटोरियम, म्हणजे न भरण्याची सवलत, मिळालं खरं, पण व्याज चढतच होतं आणि सप्टेंबरपासून हप्ते सुरू झाले तेव्हा धंदा कुठे सुरू झाला होता? लग्नाला माणसं ५०. एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसांत आणि दोन तासांत लग्न उरका, नियम मोडला तर ५० हजार दंड. २५ माणसांचा स्वयंपाक घरातल्या बायका करतात, त्याला कॅटरर कोण बोलावतं? एक बिझनेस लोन होतं आणि दोन क्रेडिट कार्डं. आम्ही पळून गेलो नाही. टेम्पो विकला, डीप फ्रीजर विकला, मोठे बर्नर, पातेली, सगळं विकलं, आचाऱ्यांचे आणि वाढप्यांचे पैसे आधी दिले आणि उरलं ते बँकांना भरत राहिलो. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय, त्यानंतरही माझ्या सासूबाईंना रात्री दहाला फोन यायचे. त्यांचा त्या कर्जाशी काय संबंध?

शेवटी २०२२ च्या अखेरीस सेटलमेंट, म्हणजे काही रक्कम भरायची आणि उरलेली बँकेने सोडायची. वसुलीचा माणूस म्हणाला, ताई, एवढे एकरकमी भरा, फाइल क्लोज, लेटर देतो, विषय संपला. भावाकडून पैसे घेऊन भरले. विषय संपला नाही! "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेलं) आणि "क्लोज्ड" (पूर्ण फेडलेलं) यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे त्याने सांगितलं नाही, बँकेने सांगितलं नाही, त्या लेटरमध्येही कुठे धड लिहिलेलं नाही. तो शिक्का तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर राहतो, क्रेडिट ब्युरो, म्हणजे सगळ्यांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, ही माहिती किमान सात वर्षं ठेवतात, आणि तो काढायचा तर सोडलेली रक्कम भरून खातं क्लोज्ड करून घ्या, म्हणजे सेटलमेंट केलीच कशाला मग? सही घ्यायच्या आधी हे एका ओळीत सांगायला यांच्या जिभेला काय झालं होतं?

रिपोर्ट उघडून बघा कधीतरी. प्रत्येक खात्याखाली महिन्या-महिन्याचे छोटे चौकोन असतात, त्यात हप्त्याला किती दिवस उशीर झाला तो आकडा. माझे २०२० पर्यंतचे चौकोन ०००, ०००, ०००, एक दिवससुद्धा उशीर नाही. मग ०३०, ०६०, ०९० आणि पुढे वाढतच गेलेलं. लॉकडाउन त्या चौकोनांत कुठेच लिहिलेला नाही. सरकारने हॉल बंद केले ते लिहिलेलं नाही. टेम्पो विकून भरलेले पैसे लिहिलेले नाहीत. फक्त ही बाई उशिरा भरते एवढंच लिहिलंय, आणि क्रेडिट स्कोअरच्या ३०० ते ९०० च्या त्या पट्टीवर मी पाचशेच्या घरात.

आणि कुणी म्हणेल दिवाळखोरी जाहीर करायची होती ना रीतसर. कुठे करायची? २०१६ चा दिवाळखोरीचा नवा कायदा कंपन्यांना लागू आहे, कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना डिसेंबर २०१९ पासून लागू केलाय, पण तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसाचा त्यातला भाग अजून चालूच केलेला नाही. आपल्याला अजून १९०९ आणि १९२० चे इंग्रजांच्या काळातले कायदे, त्या वाटेने जायला वकील परवडायला हवा आणि आयुष्य हातात हवं. तिकडे व्हिडिओकॉनचं बघा, आपल्या औरंगाबादची कंपनी, जवळपास ६५ हजार कोटींचे दावे आणि तीन हजार कोटींच्याही आतली बोली जून २०२१ मध्ये कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या ट्रिब्युनलने मंजूर केली होती, म्हणजे शंभरातले पंचाण्णव रुपये सोडून द्यायला बँका तयार झाल्या होत्या! नंतर २०२२ च्या जानेवारीत अपिलात ती मंजुरी रद्द झाली ते सोडा, पण बँकांनी तयारी तर दाखवली होती ना? आम्ही अर्ध्याहून जास्त रक्कम भरली, तीही घरातलं किडुकमिडुक विकून, आणि आमच्या कपाळावर शिक्का.

लेक बारावीला आहे. इंजिनिअरिंगला जायचं म्हणते, मार्क चांगले आहेत, पण एज्युकेशन लोनला आई-वडील को-अप्लिकंट, म्हणजे सहअर्जदार, लागतात आणि मग त्यांचं सिबिल, म्हणजे हाच स्कोअर, बघतात. म्हणून हा सगळा आटापिटा. सगळे सांगतात सोप्पंय गं, एफडीवर क्रेडिट कार्ड घे, थोडं वापर, वेळेवर भर, वर्ष-दीड वर्षात स्कोअर वर यायला लागतो. सल्ला बरोबर आहे, मी त्याला नाव ठेवत नाही, मला दुसरी वाटच नाही. पण ते कार्ड मिळवताना जो मनस्ताप झालाय तो मी कुणाला सांगू?

आमची एफडी सहकारी बँकेत, तिथे आम्हाला नावाने ओळखतात, पण त्यांच्याकडे असं कार्डच नाही. मग एका मोठ्या बँकेत गेले. तिथे आमची दुसरी एफडी होती ती चालेना, कारण ती माझ्या आणि ह्यांच्या जॉइंट नावावर आणि कार्डासाठी एकट्याच्याच नावावर लागते. ठीक, मोडू या. मोडली तर व्याज कापणार. तेही ठीक. मग म्हणे ब्रँचमध्ये केलेली एफडी चालत नाही, ॲपमधूनच नवीन करावी लागते. ॲप म्हणतं तुमच्या पिनकोडला ही सुविधा उपलब्ध नाही. डोंबिवलीला! मुंबईच्या लोकलने रोज लाखो माणसं इथून कामाला जातात आणि यांच्या ॲपला डोंबिवली माहीत नाही.

दुसऱ्या बँकेत जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "सिबिलची गरज नाही, उत्पन्नाचा पुरावा नको". काउंटरवरच्या मुलाने माझं पॅन टाकलं, स्क्रीनकडे बघितलं आणि मॉनिटर हळूच स्वतःकडे वळवून घेतला. तोपर्यंत "या मॅडम, बसा मॅडम, पाणी घेणार का" चाललेलं, ते एकदम बंद. आत गेला, साहेबांना घेऊन आला, साहेब उभ्या-उभ्याच म्हणाले सिस्टीम घेत नाहीये. मी म्हटलं अहो पण तुमच्या पोस्टरवर लिहिलंय सिबिल लागत नाही, तर म्हणे लागत नाही पण निगेटिव्ह असलं तर चालत नाही. मग ज्याचा स्कोअर चांगला आहे तो कशाला स्वतःचे पैसे अडकवून कार्ड घेईल हो? हे कार्ड आहे कुणासाठी मग? आणि यावर कडी म्हणजे निघताना साहेब म्हणतात, कार्डाचं नंतर बघू, हे ५० हजार तुम्ही आमच्या इन्शुरन्स प्लॅनमध्ये टाका, चांगले रिटर्न आहेत. इन्शुरन्सला माझं सिबिल चालतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या बाईला तुम्ही ४० हजारांचं लिमिट द्यायला लायक समजत नाही, तिच्याकडून वर्षानुवर्षं प्रीमियम घ्यायला लाज नाही वाटत?

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय की तडजोड, म्हणजे सेटलमेंट, केलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं. माझे १२ महिने कधीच उलटून गेलेत. पण "किमान" म्हटलं की बँका त्याचा अर्थ "कायमचं" असा लावतात आणि विचारायला गेलं की बोट सिस्टीमकडे. सिस्टीम कुणी बनवली, आभाळातून पडली का?

शेवटी एका ठिकाणी मिळालं. ५० हजारांच्या एफडीवर ८० टक्के, म्हणजे लिमिट ४० हजार. कुठे ९० टक्के देतात, कुठे पूर्ण १०० टक्के देतात, मला मिळालं तिथे ८०, निवडायला मला कुणी ठेवलंच नाही. आता स्कोअर सुधारायचा तर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आतच खर्च करायचा म्हणतात, म्हणजे महिन्याला १२ हजार. ५० हजार गाठीला बांधून वापरायचे १२. वर फीचं वेगळंच, कुणी फुकट देतं, कुणी वर्षाला फी लावतं, कुणी पहिल्या वर्षी नाही पण पुढच्या वर्षी गुपचूप लावतं, आणि यावर जीएसटी १८ टक्के. घेताना हे विचाराच, समोरचा स्वतःहून सांगत नाही.

पण सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू का, व्याजाची. माझ्या एफडीवर मला साडेसहा टक्के. आणि त्याच एफडीच्या तारणावर घेतलेले १० हजार तारखेला गेले नाहीत तर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२, वर व्याजावरही जीएसटी! हीच एफडी ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्यावर उचल, घेतला तर एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लावतात, बस. तारण तेच, माणूस तोच, बँक तीच, मग कार्डाला ४२ कशाचे? जोखीम आहे म्हणून व्याज जास्त असं सांगतात ना नेहमी, इथे कुठेय जोखीम? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, तो निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, म्हणजे आता तोही लगाम नाही. आणि ॲपवर बिल भरायला गेलं की मोठं बटण कसलं तर मिनिमम ड्यूचं, म्हणजे बिलातला किमान भरायचा तुकडा, पूर्ण रकमेचा पर्याय खाली बारीक अक्षरात. ज्याचं एकदा कर्जाने कंबरडं मोडलंय त्याच्यासमोर तेच जाळं परत पसरायचं. कृपा करून कुणीही मिनिमम भरू नका, पूर्ण बिल भरा, तारखेच्या चार दिवस आधी भरा, कारण तीन दिवसांच्या वर थकलं तर ते ब्युरोला कळवू शकतात आणि मग एवढा खटाटोप पाण्यात.

आणि ते स्कोअर सुधारून देणारे! माझा नंबर यांच्याकडे गेला कुठून? "ताई, दहा हजार द्या, महिन्यात साडेसातशेच्या वर नेतो, सेटल्ड काढून टाकतो." खरी नोंद कुणीही काढू शकत नाही, चुकीची असेल तर तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता, चारही ब्युरोंनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. अडचणीतल्या माणसाच्या मढ्यावरचं लोणी खाणारी ही जमात आहे आणि यांना कुणीच हात लावत नाही.

आता ताजं ऐका. कार्ड व्यवस्थित वापरतेय, एकही बिल थकलेलं नाही, जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला ब्युरोंना माहिती द्यायची आहे, आणि चारही ब्युरोंना द्यायची आहे. तिघांकडे माझं कार्ड दिसतंय, चौथ्याकडे नावच नाही! उशीर झाला की लगेच कळवतात, वेळेवर भरलं की विसरतात. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ब्युरोला विचारा, ब्युरो म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते सर्व्हिस रिक्वेस्ट टाका, ती टाकली की दोन दिवसात "निराकरण झाले" असा मेसेज आणि रिपोर्ट जसाच्या तसा.

मी आता बँक आणि ब्युरो दोघांकडे लेखी तक्रार टाकलीये, तारखेसकट, सगळ्या स्टेटमेंट जोडून. ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, फोनवरच्या पोरीला मी हे सांगितलं तर तिला माहीतच नव्हतं, तिला कुणी शिकवलंच नाही, तिचा दोष नाही. ज्यांनी शिकवायचं त्यांना हा नियम कुणाला कळायलाच नकोय. ३० दिवस उलटले की मी १०० रुपयांच्या हिशोबासकट रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे, जाणार, २०२२ पासून क्रेडिट ब्युरोसुद्धा त्यांच्या कक्षेत आलेत. कुणाची अशीच नोंद अडकली असेल तर तक्रार फोनवर करू नका, लेखीच करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. लेकीच्या ॲडमिशनच्या आधी मला ते कार्ड चारही रिपोर्टवर दिसलं पाहिजे.