यंत्र पाणी दाखवत नाही, प्रतिरोध मोजते

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत विहिरीच्या जागेविषयी एक मजकूर फिरत असतो. नव्या भूभौतिक यंत्राने जमिनीखालचे पाणी थेट दिसते, पडद्यावर निळा पट्टा आला की तेथे पाणी आहेच, किती फुटांवर किती इंच पाणी लागेल हेही आधीच कळते, खालची नदी सापडेपर्यंत खोल गेल्यास बोअर उन्हाळ्यातही आटत नाही, आणि बोअर फेल गेलेच तर सर्वेक्षणाचे पैसे परत, असे त्यात म्हटलेले असते. भूभौतिक सर्वेक्षण ही उपयुक्त पद्धत आहे. तिच्या नावावर खपणाऱ्या या विधानांना उत्तर द्यायचे ते त्याचसाठी.

पाणी ‘दिसते’ हे पहिलेच विधान चुकीचे आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या विद्युत प्रतिरोध पद्धतीत चार सळ्या एका रेषेत जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमधील विद्युतदाबाचा फरक मोजतात; बाहेरच्या सळ्या जसजशा दूर नेल्या जातात, तसतसा प्रवाह अधिक खोलवर पोहोचतो. कॉनराड श्लुम्बर्जे यांनी 1912 मध्ये फ्रान्समध्ये असे प्रयोग सुरू केले आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. हाती येते ती खडक विजेला किती अडवतो हे सांगणारी, ओहम-मीटर या एककातील एक संख्या. कोरडा, अखंड काळा पाषाण (बेसाल्ट) विजेला अडवतो आणि शेकडो ओहम-मीटर दाखवतो, तर भेगाळलेल्या, पाण्याने भरलेल्या खडकाचा आकडा त्या मानाने बराच कमी येतो, कारण पाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात. पाणी हा त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. पृथ्वीचे नैसर्गिक विद्युतक्षेत्र मोजून मोबाइलवर रंगीत चित्र काढणाऱ्या लहान यंत्रांनाही हेच लागू आहे. शिवाय त्यांचे संकेत इतके क्षीण असतात की जवळची 50 हर्ट्झची वीजवाहिनी चित्र बिघडवू शकते, आणि वीजवाहिनी जवळ नाही असे ओलिताचे शेत आता शोधावेच लागेल.

निळ्या पट्ट्याचा दावा नागपूर जिल्ह्यात विशेष घातक आहे. कमी प्रतिरोध पाण्याने भरलेल्या खडकाचा असतो, तसाच तो चिकणमातीचाही असतो, आणि चिकणमाती पाणी धरून ठेवते पण विहिरीला सोडत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगणा या भागांत दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक आहेत आणि त्यांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. पडद्यावर तो हुबेहूब पाण्यासारखा उमटू शकतो. पूर्वेकडे रामटेक-मौद्याच्या बाजूला पट्टिताश्मासारखे प्राचीन स्फटिकी खडक आहेत आणि त्यांचा झिजलेला वरचा भागही मातकट असतो. कामठी, सावनेर, उमरेड या परिसरांतील गोंडवाना नावाच्या गाळाच्या खडकांत वालुकाश्माबरोबर शेल या चिकणमातीयुक्त खडकाचे थर येतात. म्हणजे तोच आकडा तीन ठिकाणी तीन अर्थ देतो. थोडे पश्चिमेला, अकोला-अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यात गेलात, तर अतिशय कमी आकडा खाऱ्या पाण्याचाही निघतो. संत्र्याच्या बागेभोवतीचे तारेचे कुंपण हा आणखी एक उपद्रव. सळ्यांची रेषा त्याला समांतर आणि जवळ असली तर वीज खडकाऐवजी लोखंडातून जाते.

खोली आणि इंच यांविषयीचा दावा सर्वांत जास्त तपासून पाहण्यासारखा आहे. साधारण 60 मीटर खोलीचा अंदाज घ्यायचा तर बाहेरच्या सळ्या एकमेकींपासून 200 ते 300 मीटर दूर न्याव्या लागतात; दोन एकरांच्या तुकड्यात तेवढी सरळ रेषा सहसा मिळत नाही, आणि वीस पावलांत सर्वेक्षण उरकणाऱ्याने 500 फुटांचा आकडा कोठून आणला हे त्यालाच विचारावे. रेषा पुरेशी लांब असली तरी अडचण उरते. 20 ओहम-मीटरचा 10 मीटर जाड थर आणि 40 ओहम-मीटरचा 20 मीटर जाड थर, दोन्ही कठीण खडकांच्या मध्ये असतील, तर जमिनीवरून घेतलेला आलेख जवळजवळ सारखाच येतो. यांतला खरा कोणता, हे शेजारच्या विहिरीचा थरांचा क्रम ठाऊक असलेला माणूसच ठरवू शकतो. 80 मीटरवरची एखादी मीटरभर जाडीची भेग तर आलेखात उमटतच नाही, आणि ‘दोन इंच पाणी’ बहुतेकदा अशाच भेगेतून येते. इंच हे पाण्याच्या धारेचे माप बोअर झाल्यावरच घेता येते.

मग पद्धतीचा उपयोग काय? झिजलेल्या खडकाची जाडी कोठे जास्त आहे, कठीण पाषाण कोठे उथळ आहे, एकाच शेतातील तीन जागांपैकी कोणती सोडून द्यावी, हे ती चांगले सांगते. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी गेल्या दशकात जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचे हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण केले, आणि त्यालाही जमिनीवरच्या मोजणीची व बोअरच्या नोंदींची जोड द्यावीच लागली.

जमिनीखालची नदी ही कल्पना चुनखडीच्या गुहांच्या प्रदेशांत काही अंशी खरी आहे. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि छिद्रांत साठते. झिजलेल्या बेसाल्टसाठी शासकीय भूजल मूल्यांकनात विशिष्ट उत्पन्न, म्हणजे भरलेल्या खडकाच्या आकारमानापैकी उपशाला सुटणाऱ्या पाण्याचा वाटा, साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्रात 10 मीटर जाडीचा थर पूर्ण भरलेला असला, तरी उपसता येण्याजोगे पाणी सुमारे 2,000 घनमीटर, आणि तेही पावसाने पुन्हा भरले तरच. खोलीबरोबर भेगा सामान्यतः मिटत जातात. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटर आणि त्यापुढची विहीर खोल विहीर म्हणून वेगळी काढली आहे, हेही खोल जाण्याचा सल्ला देणारे सांगत नाहीत.

राहिली पैसे परत देण्याची हमी. समजा एखाद्या गावात कोठेही बोअर मारले तरी दहापैकी सात ठिकाणी थोडेफार पाणी लागते. तेथे डोळे मिटून जागा दाखवणाराही सात जणांचे शुल्क ठेवतो आणि तिघांचे परत करतो. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचे यशही याच हिशेबाने वाढत जाते. खोदाईचा, केसिंगचा आणि मोटारीचा खर्च मात्र तिघांपैकी कोणालाच परत मिळत नाही. त्यामुळे हमीपत्रापेक्षा सळ्यांची अंतरे, प्रत्येक अंतरावरचा आकडा, काढलेला आलेख आणि आसपासच्या विहिरींची मे महिन्यातील पाणीपातळी लिहिलेला कागद मागावा, म्हणजे तो दुसऱ्या भूशास्त्रज्ञाला दाखवून तपासता येतो.