डिकीतली रेतीची गोणी काढा, चूक माझीच

परवा ग्रुपवर मीच तो मेसेज फॉरवर्ड केलेला, की छोटी हॅचबॅक हायवेला हलते म्हणून डिकीत ३० किलो रेती टाका. सॉरी मंडळी, चुकीचंय ते. वजन मागच्या चाकांच्याही मागे पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळते तर त्यांच्यावरच ना. वाशी खाडीपुलावर आडव्या वाऱ्यात हलकी गाडी थोडी ढकलली जाते हे खरंय, पण तिथे स्पीड कमी करायचा, बस. माझी हलत होती कारण गॅरेजवाल्याने गेज लावलं तर मागच्या एका टायरात हवा २२च, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय (तीन वर्षांत पहिल्यांदा वाचला!). तो मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा, नि तिथे हा टाका.