‘हप्ते थांबवा, ३० टक्क्यांत मिटवा’ म्हणणारे जे सांगत नाहीत

एक मेसेज आहे. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, कधी कुणीतरी गाडीत बसून रीलमध्ये तो बोलून दाखवतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “हप्ते भरणं आजच थांबवा. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन अनसिक्युअर्ड (बिनतारण) असतात, त्यात जेल होत नाही. तीन-चार महिने शांत बसा, बँक स्वतः फोन करून ३० टक्क्यांत सेटलमेंट देईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे तिला ती द्यावीच लागते. सिबिल सहा महिन्यांत पूर्ववत होतं. वसुलीवाल्यांचे फोन आमचे वकील घेतील.” खाली नंबर आणि नोंदणी फी.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतले लोक कागद घेऊन घरी येतात. या मेसेजमुळे धडधाकट पगार असलेली मुलं थकबाकीदार झालेली मी पाहिली आहेत. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन लिहिते आहे.

सुरुवात नियमापासून करू, कारण बाकी सगळं त्याच्या आधारावर उभं केलंय. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी सेटलमेंटबद्दल, म्हणजे काही रक्कम सोडून तडजोडीने कर्ज मिटवण्याबद्दल, एक चौकट खरंच जाहीर केली. ती बँकांना उद्देशून आहे. तडजोड करायची तर संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण हवं, कुणाच्या अधिकारात किती सूट द्यायची ते ठरलेलं हवं, असं ती सांगते. कर्जदाराला सूट मागण्याचा हक्क तिने दिलेला नाही. ‘द्यावीच लागते’ हे शब्द त्यात कुठेही नाहीत. उलट शेतीकर्ज सोडून बाकी कर्जांत तडजोड झाली, तर त्या माणसाला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने जाऊ द्यावेत, अशी अट आहे. रीलमध्ये ही अट कुणी वाचून दाखवत नाही. त्याच वर्षी ११ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने आणखी एक पत्रक काढलं. कर्जमाफीची आमिषं दाखवून, फी घेऊन, ‘कर्जमाफीचे दाखले’ वाटणाऱ्यांपासून सावध राहा आणि अशांची तक्रार पोलिसांकडे करा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. २०२३ चं काही फॉरवर्ड करायचंच असेल तर ते पत्रक करा.

आता ‘जेल होत नाही’. यात अर्धं खरं आहे आणि ते खरं मी आधी सांगते, कारण भीतीने माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात. हातात पैसे नाहीत म्हणून हप्ता चुकला, एवढ्यावरून कुणाला अटक होत नाही. हा दिवाणी मामला आहे. फोनवर ‘पोलीस पाठवतो’ म्हणणारा वसुलीवाला खोटं बोलत असतो.

पण कर्ज घेताना तुम्ही खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायला परवानगी दिलेली असते किंवा चेक दिलेले असतात. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ लागतं. आपोआप कापला जाणारा हप्ता (ईसीएस किंवा एनएसीएच) बाउन्स झाला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियम, २००७ चं कलम २५ लागतं. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस मिळतात. त्या दिवसांत काही हालचाल केली नाही, तर प्रकरण फौजदारी कोर्टात जाऊ शकतं. आणि मेसेज तर सांगतो, शांत बसा.

दिवाणी बाजूही हलकी नाही. बँकेच्या बाजूने दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा (निकालाचा आदेश) झाला तर पगार जप्त होऊ शकतो. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, बाकी जप्त करता येतात. म्हणजे ३१,००० पगार असेल तर महिन्याला १०,००० गेले. एका हुकूमनाम्यापोटी हे २४ महिने चालू शकतं. शिवाय कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल, तर कार्डाच्या अटींनुसार बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते. हे कलम कार्ड घेताना कुणी वाचलेलं नसतं, आणि पगार जमा झालेल्या दिवशी खातं रिकामं दिसतं.

‘३० टक्क्यांत मिटतं’ या दाव्यावर मला जास्त बोलायचंय, कारण लोक त्यालाच भुलतात.

आमच्या शेजारणीचा मुलगा भोसरीत सीएनसी मशीनवर आहे. एका कार्डावर २ लाख थकले होते. दर महिन्याला तो मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरायचा आणि आपण कर्ज फेडतोय असं समजायचा. आम्ही स्टेटमेंट टेबलावर पसरलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ७,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,२६० रुपये. मिनिमम ड्यू होता १०,०००. म्हणजे त्याच्या घामाच्या दहा हजारांतले ८,२६० व्याजात आणि करात गेले, मुद्दलातून सुटले फक्त १,७४०. वर त्याच कार्डावर महिन्याचं पेट्रोल आणि किराणा. मागची पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत संपते, नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्याला माहीतच नव्हतं. असा पोरगा ‘भरून काही उपयोग नाही’ या निष्कर्षाला आला तर त्याला दोष कसा देणार? त्याच सुमारास त्याच्या हाती हा मेसेज पडला आणि त्याने एका एजन्सीला नोंदणी फी भरली.

ती एजन्सी सांगत होती त्याप्रमाणे सहा महिने भरणं थांबवलं, तर हिशेब असा होतो. व्याजावर व्याज धरलं नाही तरी ४९,५६० रुपये वाढले, वर दर महिन्याची लेट फी. थकबाकी अडीच लाखांच्या पुढे. सूट मिळते ती या फुगलेल्या आकड्यावर. आणि ३० टक्क्यांत मिटवण्याची बोली बँका साधारणतः वर्षानुवर्षं बुडीत पडलेल्या खात्यांना लावतात. तीन-चार महिने थकलेल्या, पगार चालू असलेल्या माणसाला नाही. समजा निम्म्यात मिटलं, तरी सव्वा लाख रुपये एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांत द्यायचे. त्याच्या करारात एजन्सीची फी थकबाकीच्या १५ टक्के होती, जीएसटी वेगळा. ते झाले ४४,००० च्या वर. एकूण सुमारे १,७०,०००.

दुसऱ्या बाजूला, तेच २ लाख वर्षाला १६ टक्के व्याजाने २४ मासिक हप्त्यांत बसवले तर महिन्याला साधारण ९,८०० पडतात, एकूण २,३५,०००. कागदावर सेटलमेंट ६५,००० ने स्वस्त दिसतं, हे मी नाकारत नाही. पण तो मिनिमम म्हणून १०,००० भरतच होता! तेवढ्याच पैशात दोन वर्षांत तो मोकळा होणार होता, आणि खात्यावर डाग राहणार नव्हता.

त्या डागाची किंमत ‘सिबिल सहा महिन्यांत पूर्ववत’ या वाक्यात लपवली आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, ठरतं. उशिराचे दिवस महिनावार पतअहवालात, म्हणजे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या ठेवतात त्या आपल्या कर्जफेडीच्या नोंदींत, उमटतात. १ जानेवारी २०२५ पासून तर बँका ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवू लागल्या. सेटलमेंट झाल्यावर खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येतं, आणि कर्ज देणाऱ्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ नेमका कळतो: याने पूर्ण पैसे दिले नाहीत. पतमाहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षं जपाव्या लागतात. स्कोअर पुढे हळूहळू चढेल, ती नोंद मात्र दिसत राहील.

हा मुलगा लग्नानंतर घर घेणार आहे. २५ लाखांचं २० वर्षांचं गृहकर्ज साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळालं, तर महिन्याला सुमारे ८०० रुपये जास्त, आणि मुदतभरात १,९१,००० च्या आसपास. वाचलेले ६५,००० त्यात तिप्पट होऊन परत जातात. तेही कर्ज मिळालं तर. बऱ्याच बँका आधी जुन्या खात्यात सोडलेली रक्कम भरून दाखला आणायला सांगतात.

शेवटचा दावा, ‘फोन आमचे वकील घेतील’. यात जो धोका आहे तो मी डोळ्यांनी पाहिला. मुलगा आला तेव्हा पिशवीत न उघडलेली तीन पाकिटं होती. “काकू, एजन्सीने सांगितलंय, पत्रं उघडायची नाहीत, त्यांना फोटो पाठवायचा.” त्यातलं एक लवादाचं (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याचं) होतं, तारीख आठ दिवसांवर. तो गेला नसता तर त्याच्या माघारी एकतर्फी निवाडा झाला असता, आणि लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. कर्जाबाबत आलेलं प्रत्येक पाकीट स्वतः उघडा, त्यावर आल्याची तारीख लिहा.

तगाद्यापासून संरक्षण हवं असेल तर ते तुम्हाला फुकट आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला बजावलंय. बचत गटाच्या ताया ज्या मायक्रोफायनान्सचे हप्ते भरतात त्यांच्यासाठी वेळ आणखी कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा मित्रांना फोन करून बदनामी, यातलं काहीही चालत नाही. घरी येणारच नाहीत असं मात्र नाही, येऊ शकतात. आले तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत, १४४४८ वर माहिती मिळते. सावकार बिनपरवान्याचा असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज द्या.

मग करायचं काय? त्या मुलाबरोबर केलं तेच सांगते. सगळी देणी एका कागदावर लिहिली: कुणाचं, किती, व्याज किती टक्के, हप्ता कोणत्या तारखेला. हे पहिल्यांदा लिहिताना त्याचा हात थांबत होता, कारण एकूण आकडा त्याने कधी मोजलाच नव्हता. कार्ड त्याच दिवशी कपाटात गेलं, अ‍ॅपवर जोडलेलं होतं तिथून काढलं. घरभाडं, किराणा, लाइट बिल, आईची औषधं बाजूला काढून किती उरतं ते पाहिलं. मग बँकेला ईमेल केला: मला भरायचंय, इतकी रक्कम दर महिन्याला भरू शकतो, थकबाकी हप्त्यांत बदलून द्या. फोनवर बोललेलं कुठे राहत नाही, म्हणून लेखी.

त्याच्या कारखान्यात पगारदार नोकरांची पतसंस्था आहे. तिथे तो सभासद होता आणि तिथलं कर्ज कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या दराने मिळत होतं, पण ‘तिथे मागितलं तर सगळ्यांना कळेल’ म्हणून त्याने साडेतीन टक्के महिना सोसला. ही लाज फार महाग पडते. तीच गोष्ट सोन्याची. घरातलं सोनं तारण ठेवणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. वर्षाला ४२ टक्के व्याज भरण्यापेक्षा सोनेतारण मला कितीतरी बरं वाटतं, एकाच अटीवर: त्या पैशाने कार्ड शून्य करायचं आणि पुन्हा घासायचं नाही. ती अट पाळणार नसाल तर सोन्याला हात लावू नका, नाहीतर दोन कर्जं होतील.

जास्त व्याजाचं देणं आधी संपवावं, बाकींना ठरलेला हप्ता द्यावा, आणि एक संपलं की त्याचा हप्ता पुढच्याला जोडावा. त्याचं एक अ‍ॅपवरचं कर्ज १४,००० चं होतं. ते आम्ही हिशेब बाजूला ठेवून पहिलं संपवलं, कारण रोज येणारे फोन बंद होणं त्याच्या झोपेसाठी गरजेचं होतं.

राहिले ते लोक ज्यांची नोकरीच गेली, घरात मोठं आजारपण आलं, आणि आहे ते विकूनही पुरणार नाही. त्यांच्यासाठी सेटलमेंट हा रास्त मार्ग आहे, त्यात शरमेचं काही नाही. पण तो मध्यस्थाशिवाय घ्या. बँकेच्या शाखेत किंवा लोकअदालतीत स्वतः बोला. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा जमेल तेवढ्याच रकमेला होकार द्या. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारखा आणि ‘यानंतर काही येणे राहणार नाही’ हे वाक्य आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे थेट कर्जखात्यात भरा, कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही. दिलेली तारीख चुकली तर सवलत रद्द होते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. मग महिनाभराने पतअहवाल काढून नोंद बदलली का पाहा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, या चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चूक असेल तर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.