पुढचे दोनच प्लग पांढरे का? आयडलिंगवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल सकाळी गाडीचं बॉनेट उघडं ठेवून पुन्हा एकदा वाचली. इतक्या बारकाईने कुणी चुका दाखवल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मागच्या लेखात मी आमच्या एमजीएचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बिघडलेलं आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनाचं संथ चालणं, कसं ठीक केलं ते सांगितलं होतं. कार्बोरेटरच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा, असा त्यात आग्रह होता. तुमचं म्हणणं, मी साध्या गोष्टीचा बाऊ केला. कोकणची दमट, खारी हवा आणि आताचं इथेनॉलचं पेट्रोल, यात जुनी गाडी अडखळणारच. आयडल स्क्रू थोडा फिरवावा, ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं, की झालं. शिवाय पेट्रोलचा बोळा फिरवून हवेची गळती शोधायचा माझा सल्ला जिवावर बेतणारा आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो शंभर टक्के बरोबर आहे. या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटरवर सांडलेलं पेट्रोल थेट तापलेल्या लोखंडावर ठिबकणार. जुने मेस्त्री असंच करायचे, म्हणून मीही विचार न करता तेच लिहिलं. तो परिच्छेद मी काल काढून टाकला. त्याऐवजी स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्या दांड्यावर फिरते तो, जिथे कार्बोरेटरच्या अंगातून बाहेर येतो तिथे जाडसर ग्रीस बोटाने लिंपा. गळती असेल तर भोक तात्पुरतं बुजतं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं की आवाज लगेच बदललेला कळतो. इंजिन बंद करूनच ग्रीस लावा, पंख्याजवळ हात नेऊ नका.

आता हवेकडे वळू. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत शंभरातले तीन भाग किंवा थोडी जास्तच वाफ असते. तेवढा ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल किंचित जास्त पडतं. आमच्या गाडीचं दुखणं नेमकं उलटं होतं. कार्बोरेटरमधून मधूनच फट् असा उलटा आवाज यायचा, आणि पेट्रोल कमी पडत असल्याची ती खूण आहे. दमट हवेने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते, अर्थिंगच्या जोडांवर गंज चढतो, हे खरं, आणि वेंगुर्ल्यात राहून ते मी कसं नाकारणार? पण ओलीमुळे होणारा मिसफायर रेस दिली तरी सोडत नाही, उलट इंजिनावर जोर आला की वाढतो. आमची गाडी शिरोड्याच्या रस्त्याला लागली की लोण्यासारखी चालायची आणि फाटकाशी थांबली की थरथरायची.

याचं कारण सरळ आहे. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन अगदी थोडी हवा मागतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ मात्र जबरदस्त असते. अशा वेळी झिजलेल्या भोकातून आत शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते. रेस दिली की झडप उघडते, ओढ कमी होते, आणि ती चोरटी हवा एकूण प्रवाहात नगण्य ठरते.

इथेनॉलचा मुद्दा जास्त वजनाचा आहे. साध्या पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पट पुरते. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर आज पेट्रोल कमीच देणार, आणि मलाही दोन्ही जेट (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या, खाली उतरवल्या की पेट्रोल जास्त सुटतं) थोडे खाली उतरवावे लागले. या गाडीच्या एसयू कंपनीच्या एच-४ कार्बोरेटरमध्ये जेटभोवती बुचाच्या लाकडाच्या चकत्या असतात. त्या आणि जुने रबरी पाइप नव्या पेट्रोलवर बारकाईने तपासत राहावेत, इतपत मी तुमच्याशी सहमत आहे.

पण पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. दोष पेट्रोलचा असता तर चारही प्लग सारखे दिसायला हवे होते. आमचे मागचे दोन छान तपकिरी होते, म्हणजे मिश्रण ठीक, आणि पुढचे दोन खडूसारखे पांढरे, म्हणजे तिथे पेट्रोल कमी. पुढचा कार्बोरेटर पुढच्या दोन सिलिंडरजवळ, मागचा मागच्या दोन सिलिंडरजवळ. मधली नळी दोघांना जोडते खरी, पण तिने सगळा फरक भरून निघत नाही. हे प्लग हातात घेतले तेव्हाच सावंतवाडीचे आमचे म्हातारे मेस्त्री म्हणाले, "ही फुडच्या कार्बोरेटरातसून वारो खाता." स्पिंडल धरून हलवला तर तो चक्क खुळखुळला. साठ-पासष्ट वर्षांच्या वापराने भोक लांबट झालं होतं. ते मोठं करून त्यात गनमेटलचा बुश ठोकला, नवा स्पिंडल घातला, आणि तोवर मिक्श्चरचा, म्हणजे जेट खाली-वर करणारा, नट कुणालाही फिरवू दिला नाही.

इथेच माझ्या आग्रहाचं मूळ आहे. ही गाडी काकांनी १९७४ साली गोव्यातून आणली. पोर्तुगीज काळात तिथे आलेली, १४८९ सीसीची. मधल्या काळात एका गॅरेजने हीच थरथर घालवायला पुढचा जेट खाली उतरवला होता. थोडे दिवस बरं वाटलं. मग रस्त्यावर पुढचे प्लग काजळीने भरायला लागले, कारण रेस दिल्यावर चोरटी हवा उरत नव्हती आणि जादा पेट्रोल तेवढं उरत होतं. मग प्लग बदलले, कॉइल बदलली. एक भोक झाकण्यासाठी सगळी गाडी बिघडवली गेली. काकांनी शेवटची काही वर्षं तिला हातच लावला नाही, "आता तिचं वय झालं" म्हणून. वय झालं नव्हतं हो. एवढ्याशा भोकापायी ते तिच्यात बसायचे थांबले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आयडल स्क्रू वाढवण्याबद्दलही माझं तेच मत आहे. झडप थोडी जास्त उघडून तुम्ही गळतीचा हिस्सा कमी करता, गळती नाही. शिवाय झडपेची कड व्हॅक्युम अॅडव्हान्सच्या (ओढीनुसार ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) बारीक भोकापलीकडे गेली की टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, पुढे सरकतं, आणि मग नेमकं काय बिघडलंय ते ओळखणं आणखी अवघड होतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही, पण या गाडीला मूळची पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. किट निगेटिव्ह अर्थचं असेल तर पहिल्याच चावीला जळू शकतं. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच नीट ठेवली, तर आयडलिंगपुरतं पॉइंट कुठेही कमी पडत नाहीत.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य. तुम्ही लिहिलंय, तुमची दोन कार्बोरेटरची गाडी मालवणात धापा टाकते आणि आंबोलीत पोचली की शांत होते, म्हणजे दोष खालच्या हवेचा. मी यातून वेगळा अर्थ काढतो. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जवळपास आठ टक्के कमी. हवा विरळ झाली की तोच कार्बोरेटर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो. नीट बसवलेली गाडी घाट चढल्यावर किंचित जड व्हायला हवी. तुमची सुधारते, याचा अर्थ खाली तिला पेट्रोल कमी पडतंय. ते इथेनॉलमुळे की गळतीमुळे, हे चार प्लग काढून शेजारी शेजारी ठेवलेत की कळेल. सगळे सारखेच फिके असतील तर तुम्ही बरोबर, दोन्ही जेटचे नट सारखेच उतरवा. मग कार्बोरेटरच्या आतला पिस्टन वर उचलायची पिन हलकेच, जेमतेम एक मिलिमीटर, दाबून बघा. इंजिन क्षणभर चढून पुन्हा जागेवर आलं तर मिश्रण जमलं. चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मंदावून बंद पडायला लागलं तर कमी. दोनच प्लग फिके असतील तर त्या बाजूच्या स्पिंडलला ग्रीस लावा.

मालवण-वेंगुर्ला अंतर फार नाही. स्पिंडल खुळखुळत असेल तर कार्बोरेटर काढून घेऊन या, आमच्या मेस्त्रींकडे या मापाचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) आहे. आणि ग्रीस लावल्यावर आवाज बदलला की नाही, ते इथेच खाली लिहा.