सूर्याकडे पाठ करून बघितलेला सूर्यास्त

आज सकाळी ग्रुपवर एकाने विचारलं, "आईबाबांना घेऊन ग्रँड कॅन्यनला चाललोय. एकच संध्याकाळ आहे. सनसेटसाठी बेस्ट पॉइंट कुठला?" लगेच धडाधड उत्तरं आली. होपी पॉइंट, होपी पॉइंट, होपी पॉइंट. आईबाबा किती चालतात, किती वेळ उभे राहू शकतात, हे एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी माझ्या आईला असंच होपी पॉइंटला नेलं होतं. तिचे गुडघे दुखत होते, तरी नेलं. मार्च ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर खाजगी गाड्या सोडत नाहीत, शटल बसनेच जावं लागतं. बसच्या रांगेत पाऊण तास गेला. पोचलो तर कठड्यापाशी माणसांच्या तीन-तीन ओळी. आईला दिसल्या त्या लोकांच्या पाठी आणि वर धरलेले फोन. मग परतीच्या बसची रांग. जागा ७,००० फुटांवर, सूर्य गेला की हवा झपकन गार होते, आणि आईचा स्वेटर राहिला होता गाडीत. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

होपी पॉइंटवरून पश्चिम मोकळी दिसते, खाली कोलोरॅडो नदी दिसते, हे मान्य. ज्यांना तासन् तास उभं राहणं जमतं त्यांनी खुशाल जावं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज पळायचं नाही गं." म्हणून याव्हापाई पॉइंटला गेलो. तिथे भूशास्त्राचं छोटं संग्रहालय आहे, गाडी थेट जवळ लागते. तिथून कड्याच्या काठाने सपाट, फरसबंद वाट निघते, ट्रेल ऑफ टाइम. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे. दर दहा मीटरवर जमिनीत धातूची खूण, म्हणजे एक कोटी. आई खुणा मोजत चालली. दरीतलेच दगड त्यांच्या त्यांच्या वयाच्या जागी मांडून ठेवलेत, हात लावता येतो. कड्याच्या सगळ्यात वरच्या थरातला, कैबाब चुनखडीचा दगड आला सत्ताविसाव्या खुणेशी. आईने त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "२७ कोटी! आणि अजून ऊन धरून आहे बघ."

मग बाकावर बसलो, सूर्याकडे पाठ करून. कारण खरा खेळ पूर्वेला असतो. सूर्य खाली उतरतो तसे समोरचे सुळके तापल्यासारखे लाल होत जातात. त्यातला एक ब्रह्मा टेंपल. पूर्वेकडच्या देशांतल्या देवांची नावं शिखरांना द्यायची प्रथा क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पाडली, म्हणून तिथे विष्णू आणि शिवही आहेत. नाव ऐकून आईने आपसूक हात जोडले.

आणि सूर्य बुडाला रे बुडाला की गाडीकडे धावणारे लोक! राग येतो मला. इतक्या लांबून येऊन शेवटची वीस मिनिटं टाकून जायचं? आम्ही बसून राहिलो. पूर्वेच्या क्षितिजावरून निळसर करडा पट्टा वर सरकायला लागला, त्याच्यावर गुलाबी कड. ती पृथ्वीचीच सावली, आकाशावर पडलेली. आईला सांगितलं तर ती कितीतरी वेळ गप्प होती. हे गप्प आदल्या दिवशीच्यासारखं नव्हतं.

ग्रुपवर कुणी "छोटासा ट्रेक" म्हणून ऊ-आ पॉइंटही सुचवलाय. जाताना जेमतेम दीड किलोमीटर, खरंय. पण तो सगळा उतार आहे, २०० मीटरच्या वर. सूर्यास्त बघून तेवढंच अंधारात चढायचं, सत्तरीच्या माणसांनी? हेडटॉर्चचं नावही कुणी काढलं नाही.

असो. रागावून लिहायला बसले होते, आता आईचा तो दगडावर ठेवलेला हातच डोळ्यांसमोर आहे. ज्याने विचारलं त्याने मला फोन कर. पॉइंटचं नंतर बघू, आधी बाबांचे गुडघे कसे आहेत ते सांग. आणि स्वेटर गाडीत ठेवू नकोस.