गूळ खाऊन जस्ताचा धूर पचत नाही

‘घरच्या घरी पोलादी सुरी, खर्च शून्य’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला. पण परवा इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचा फोन आला, ‘मामा, भंगारात जीआय पाइप मिळालाय, रविवारी भट्टी पेटवतो.’ आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या जीआय पाइपातून भट्टीला हवा द्या. कुठलीही सळई तापवून ठोका, लोहचुंबक चिकटेनासं झालं की पाण्यात बुडवा, मग निळी होईपर्यंत शेका. पांढरा धूर आला तर घाबरू नका. आधी गुळाचा खडा, वर ग्लासभर दूध. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’

धुराचंच आधी बघू. बाकीच्या चुकांनी फार तर सुरी वाया जाईल.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड ठोकायला हजाराच्या वर न्यावं लागतं. म्हणजे निखाऱ्यांत घुसलेल्या पाइपाच्या तोंडावरचं जस्त वाफ होऊन उडणारच. हवेत त्याचं ऑक्साइड होतं आणि पांढऱ्या कापसासारखं भट्टीच्या काठावर बसतं. ते निदान दिसतं तरी. त्याहून बारीक असतं ते थेट फुप्फुसात. मेख अशी की त्या वेळी काहीच होत नाही. काही तासांनी तोंडाला धातूची चव येते, मग हुडहुडी भरून ताप, अंगदुखी, खोकला. घरचे म्हणतात व्हायरल आहे. बहुतेकांचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. पण बंद शेडमध्ये भरपूर धूर घेतला तर फुप्फुसांना सूज येऊन प्रकरण जिवावर बेतू शकतं. याला ‘सोमवारचा ताप’ असंही म्हणतात, कारण रोज धूर घेणाऱ्या कामगाराच्या शरीराला थोडी सवय होते आणि सुट्टीत ती मोडते. आठवड्यातून एकदा भट्टी पेटवणाऱ्या हौशी माणसाचा तर प्रत्येक वार सोमवारच.

गुळाबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. फुप्फुसात कोळशाची आणि सिलिकाची धूळ घातलेल्या उंदरांना गूळ दिला, तर धुळीचे कण तिथून हलायला मदत झाली. उंदीर आणि धूळ! जस्ताच्या धुराचा त्यात संबंधच नाही. दुधाचं काय सांगायचं? ते पोटात जातं, धूर छातीत. त्यापेक्षा काळा एमएस पाइप, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पोलादी पाइप घ्या, भानगडच नको. आणि भंगारातले पिवळट चकाकणारे नटबोल्ट भट्टीत टाकू नका. त्यावर कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, आणि त्याच्यापुढे जस्त परवडलं.

आता सळई. बांधकामाच्या सळईसाठीच्या आयएस १७८६ या मानकात कार्बनची कमाल मर्यादाच ०.३० टक्के आहे. एवढ्या कार्बनवर सुरीला टिकणारी धार येत नाही, कितीही वेळा पाण्यात बुडवा. ट्रकच्या जुन्या पाट्यात, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, साधारण दुप्पट कार्बन असतो. गावाकडचे लोहार कोयत्याला पाटा वापरतात ते उगाच नाही. पण पाटा पाण्यात विझवला तर तडकायची भीती. त्याला तेल लागतं.

लोहचुंबकाची खूण बरोबर आहे. मात्र चुंबक सुटतं ७७० अंशांच्या आसपास, आणि विझवण्याआधी त्याच्या थोडं वर जावं लागतं.

राहिला निळा रंग, म्हणजे विझवलेली सुरी पुन्हा शेकताना तिच्यावर चढणारा. तो तीनशे अंशांच्या आसपास येतो आणि स्प्रिंगला ठीक असतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला फिका गवती पिवळा रंग हवा, म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे अंश. त्याला भट्टी लागतच नाही, घरच्या ओव्हनमध्ये होतं.